दख्खनी लघुचित्र बघायचं कसं? अहमदनगर, विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारी चित्रांसाठी एक सविस्तर वाटाड्या

लघुचित्र म्हटलं की मुघल, राजस्थानी, पहाडी ही नावं पटकन तोंडावर येतात. दख्खनी हे नाव बहुधा सगळ्यांत शेवटी निघतं, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. निजामशाहीची राजधानी अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. आदिलशाहीचं विजापूर सोलापूरच्या पलीकडे. शहाजीराजे या दोन्ही दरबारांत वावरले. या शाह्यांच्या लढाया, तह आणि जहागिऱ्या आपण शाळेत पाठ केल्या. पण त्याच दरबारांत बसून चितारी काय काढत होते, हे आपल्याला कुणी दाखवलं नाही.

हा लेख त्यासाठी आहे. संग्रहालयात किंवा घरी संगणकाच्या पडद्यावर दख्खनी चित्र समोर आलं, तर ते कोणत्या क्रमाने बघावं, काय टिपावं आणि कोणत्या निष्कर्षाला घाई करू नये, हे इथे पायरी-पायरीने सांगतो. काळ साधारण 1565 ते 1687 हा धरला आहे, म्हणजे दख्खनी शाह्यांनी विजयनगरला हरवलं त्या तालीकोटच्या लढाईपासून कुतुबशाहीची राजधानी गोवळकोंडा पडेपर्यंतचा. त्यानंतर हैदराबादच्या आसफजाही अमलातही चित्रं निघत राहिली, पण त्यांचा विषय वेगळा आहे.

सुरुवातीलाच माझं मत सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा क्रम त्यावर उभा आहे. दख्खनी चित्र आधी रंगावरून आणि जागेच्या मांडणीवरून ओळखावं, मग पोशाखावरून, आणि चेहऱ्याकडे सर्वांत शेवटी जावं. बहुतेक जण नेमकं उलट करतात. चित्राखालच्या पाटीवरचं नाव वाचतात, चेहरा बघतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. चेहरा दुसऱ्या चित्रावरून उतरवता येतो, पोशाखाची तऱ्हा दिल्लीहून येऊ शकते. रंग शेजारी-शेजारी कसे बसवायचे आणि माणसाभोवती किती जागा सोडायची, ही सवय मात्र चित्रशाळेची असते आणि ती सहजी बदलत नाही.

पहिली पायरी: कुठे बघायचं आणि सोबत काय घ्यायचं

मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून सुरुवात करा. तिथल्या लघुचित्रांच्या संग्रहाचा मोठा भाग 1915 साली शेठ पुरुषोत्तम मावजी यांच्या संग्रहातून आला. हैदराबादला सालारजंग संग्रहालय आणि जगदीश व कमला मित्तल यांचं कलासंग्रहालय ही दोन ठिकाणं चुकवू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात रागमालेची, म्हणजे रागांची रूपं दाखवणाऱ्या चित्रमालिकेची, महत्त्वाची पानं आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाकडे तर असा ग्रंथ आहे, ज्याच्याशिवाय दख्खनी चित्रकलेचा इतिहास सुरूच करता येत नाही. त्याच्याकडे पुढे येतोच.

एक व्यावहारिक गोष्ट आधीच लक्षात असू द्या: संग्रहालयाकडे असलेलं प्रत्येक चित्र दालनात लावलेलं असतंच असं नाही. कागदावरच्या रंगांना उजेडाचा त्रास होतो, म्हणून ही चित्रं आळीपाळीने मांडतात आणि दालनातला उजेडही साधारण 50 लक्सच्या आसपास ठेवतात. विशिष्ट चित्रासाठी जाणार असाल, तर आधी विचारून घ्या. दुर्मीळ ग्रंथ बघायचा असेल, तर लेखी अर्ज करा आणि त्यात अभ्यासाचं कारण स्पष्ट लिहा.

सोबत तीन ते पाचपट मोठं दाखवणारं भिंग, एक वही आणि शिसपेन्सिल घ्या. शाईचं पेन नको. बऱ्याच अभ्यासिकांत ते आत नेऊही देत नाहीत. मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. दालनात शिरल्यावर पाच मिनिटं नुसते थांबा. डोळ्यांना मंद उजेडाची सवय झाली की काळपट वाटणाऱ्या हिरव्यातली पानं वेगळी दिसू लागतात.

घरबसल्याही पुष्कळ होतं. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन, लंडनचं ब्रिटिश म्युझियम, डब्लिनचं चेस्टर बीटी आणि अ‍ॅमस्टरडॅमचं राइक्सम्युझियम यांच्या संकेतस्थळांवर दख्खनी चित्रं मोठी करून बघता येतात. पडद्यावर एक तोटा होतो. चित्र तळहाताएवढं आहे की थाळीएवढं, हे कळत नाही. म्हणून मापाची नोंद बघा आणि तेवढा आयत वहीच्या पानावर आखून घ्या. मूळ चित्र हातात धरून, वीतभर अंतरावरून बघण्यासाठी काढलेलं होतं. त्या मापाचा आयत समोर असला की चिताऱ्याने किती चिमुकल्या जागेत काम केलं, ते हाताला समजतं.

दुसरी पायरी: आधी फक्त रंग

पाटी वाचू नका. दोन पावलं मागे उभे राहा आणि डोळे किंचित मिटून रंगांचे मोठे पट्टे बघा. वहीत तीनच गोष्टी लिहा: सर्वांत जास्त जागा कोणत्या रंगाने घेतली आहे, सर्वांत उजळ रंग कोणता, आणि न शोभणारे वाटावेत असे कोणते दोन रंग शेजारी आहेत.

ही तिसरी नोंद फार मोलाची आहे. दख्खनी चितारी जांभळ्याशेजारी शेंदरी, गुलाबीशेजारी मोरपंखी ठेवायला कचरत नाही. खडक फिकट जांभळे असतात, टेकड्या गुलाबी असतात, आणि या सगळ्यावर सोनं असतं. शहाजहानच्या काळातल्या मुघल व्यक्तिचित्रात बहुधा शांत, फिकट हिरवी किंवा निळसर पार्श्वभूमी आणि पायांखाली गवताची बारीक ओळ मिळते. तिथे रंग माणसाला उठाव देण्यासाठी असतो. दख्खनी चित्रात रंग माणसाइतकाच महत्त्वाचा असतो, पुष्कळदा त्याच्याहून जास्त.

रंगद्रव्यं मात्र सगळीकडची जवळजवळ सारखीच: नीळ, हिंगूळ, हरताळ, शेंदूर, काजळ, गेरू, अफगाणिस्तानातून येणारा निळा दगड लाजवर्द. ती डिंकाच्या पाण्यात खलून, एकावर एक चिकटवलेल्या कागदांच्या पुठ्ठ्यावर, म्हणजे वसलीवर, पातळ थरांनी लावत. मधूनमधून चित्र पालथं घालून गुळगुळीत अकीक दगडाने घोटत. ती मिन्यासारखी चकाकी या घोटण्यातून येते.

तिसरी पायरी: जागा आणि माप

आता माणसं, झाडं आणि इमारती एकमेकांच्या मानाने किती मोठ्या आहेत ते बघा. यासाठी सर्वांत चांगलं चित्र म्हणजे डब्लिनच्या चेस्टर बीटीमधली मैना घेतलेली योगिनी. हे चित्र 1600 नंतर लवकरच काढलेलं. भस्माने राखाडी झालेली कांती, माथ्यावर बांधलेला केसांचा बुचडा, अंगावर राजस्त्रीला शोभतील असे दागिने, आणि हातावर मैना. तिच्या अंगालगतची फुलं अवाढव्य आहेत. दूरवर पांढरा महाल आहे, तो खेळण्याएवढा. मधलं अंतर कुठेही मोजता येत नाही.

या चित्रासमोर स्वतःला विचारा: ही बाई जिथे उभी आहे, तिथून महालापर्यंत चालत जाता येईल का? मुघल चित्रात बहुधा येईल, कारण सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथे युरोपीय चित्रं बघून खोली दाखवण्याचा अभ्यास सुरू झाला होता. इथे येणार नाही. उत्तर "नाही" आलं, माप मुद्दाम बिघडवलेलं दिसलं आणि तरीही चित्र विस्कळीत वाटलं नाही, तर दख्खनकडे बोट दाखवायला हरकत नाही.

हेच चित्र आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवा. पूर्वी ते गोवळकोंड्याचं मानलं जाई आणि अनेक पुस्तकांत अजूनही तसंच छापलेलं आहे. आज अभ्यासक ते विजापूरचं मानतात. पाटीवरचं गावाचं नाव हा कुणीतरी पुराव्यावरून लावलेला अंदाज असतो. म्हणूनच पाटी नंतर वाचा म्हणतो.

चौथी पायरी: सोनं आणि मोती

इथे शरीर हलवावं लागतं. काचेसमोर गुडघ्यात किंचित वाका, मग डावीकडे, मग उजवीकडे सरका. सपाट पिवळं दिसणारं आकाश एका कोनातून अचानक पेटतं. काही ठिकाणी सोन्यावर सुईने बारीक टिंबं टोचलेली असतात. त्यामुळे उजेड एकसंध न परतता चमचमतो. भिंगातून दागिन्यांकडे बघा. मोती म्हणजे जाड पांढऱ्या रंगाचा उंचवट्यासारखा ठिपका असतो, आणि तिरप्या उजेडात त्याची स्वतःची सावलीही दिसते.

छायाचित्रात यातलं काहीच येत नाही. मूळ चित्र बघायला प्रवास करण्याचं हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

पाचवी पायरी: पोशाख

पोशाखाची नोंद वरून खाली घ्या: पगडी, जामा म्हणजे घेरदार अंगरखा, शेला, पटका म्हणजे कमरेला बांधायचं वस्त्र, शस्त्र, जोडे. बायकांच्या बाबतीत केस, चोळी, पदर किंवा ओढणी आणि पायांतले दागिने.

पुरुषाच्या जाम्याचा खालचा घेर आधी बघा. घेराला चार किंवा सहा टोकं लोंबत असतील, तर तो चाकदार जामा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो उत्तरेत आणि दख्खनमध्ये दिसतो, आणि सतराव्या शतकात हळूहळू मागे पडतो. घेर सरळ, पायघोळ आणि कापड झिरझिरीत असेल, तर बहुधा पुढचा काळ. जाम्याचे बंद उजव्या काखेत म्हणजे मुसलमान आणि डाव्या काखेत म्हणजे हिंदू, असा एक ठोकताळा मुघल चित्रांसाठी सांगतात. दख्खनमध्ये केवळ त्यावर विसंबू नका. तो इतर पुराव्यांच्या जोडीला ठेवा.

तलवार वाकडी की सरळ, हे टिपा. सरळ पात्याची धोप आणि परदेशी पात्याची फिरंग आपल्याला मराठ्यांच्या इतिहासातून ओळखीची आहे. दख्खनी सरदाराच्या हातात किंवा कमरेला ती वारंवार दिसते.

बायकांचा पोशाख जास्त बोलका आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयातलं हिंदोल रागाचं पान घ्या, साधारण 1590 च्या सुमाराचं. झोपाळ्यावर नायक आहे, भोवती सख्या. त्यांच्या चोळ्या आणि टोकाला गोंडे लावलेल्या लांब वेण्या उत्तरेकडच्या. पण कमरेखालून अंगाभोवती वळसा घेणारा लांब शेला दक्षिणेचा. आंध्रातल्या लेपाक्षीच्या मंदिरात विजयनगरच्या चिताऱ्यांनी रंगवलेल्या छतांवर तो तसाच दिसतो. आकाश सोन्याचं आणि क्षितिज उंच, कमानीसारखं. ही इराणची देणगी. रागमालेच्या या संचातल्या पानांच्या माथ्यावर संस्कृत ओळी देवनागरीत आहेत. म्हणजे एका पानात इराण, उत्तर हिंदुस्थान आणि विजयनगर तिघे एकत्र आले आहेत, तेही कुठे सांधा दिसू न देता. ही पानं नेमकी अहमदनगरची, विजापूरची की उत्तर दख्खनमधल्या एखाद्या हिंदू सरदाराच्या आश्रयाची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अशा पानासमोर वहीत "उत्तर दख्खन" एवढंच लिहावं.

सहावी पायरी: दरबार ओळखणं

आता कुठे तीन दरबारांची नावं घ्यायची. इथे घाई करू नका. तिघांनाही सारखी जागा मी देणार नाही, कारण चित्रंही सारख्या संख्येने उरलेली नाहीत.

अहमदनगरची चित्रं फार थोडी शिल्लक आहेत. 1600 साली मुघलांनी किल्ला घेतला आणि 1636 मध्ये निजामशाहीच संपली. ग्रंथसंग्रह कुठल्या कुठे विखुरले. जे उरलं त्यात सर्वांत मोलाचं म्हणजे पुण्याच्या मंडळातलं "तारीफ-इ-हुसेनशाही". आफताबी नावाच्या कवीने पहिल्या हुसेन निजामशाहाची स्तुती फारसी पद्यात लिहिली, तो हा ग्रंथ. काळ 1565 नंतरच्या तीन-चार वर्षांतला. मुळात यात 14 चित्रं होती, आज 12 आहेत. तालीकोटची लढाई आणि विजयनगरच्या रामरायाचा शेवट त्यात चितारलेला आहे.

पण या ग्रंथात बघायची गोष्ट लढाईत नाही, राणीत आहे. खुंझा हुमायून ही हुसेनची बेगम. सुलतानाच्या शेजारी, त्याच्याइतक्याच जवळिकीने तिला वारंवार दाखवलं होतं. त्या काळच्या मुसलमान दरबारी चित्रांत हे विलक्षणच. 1565 मध्ये हुसेन गेला आणि मुलगा लहान म्हणून कारभार तिने हाती घेतला. पुढे मुलाने, मुर्तझाने, 1569 मध्ये तिला कैदेत टाकलं. त्यानंतर कुणीतरी या चित्रांतून तिची आकृती पुसली किंवा वरून रंग फासला. म्हणून या ग्रंथाची चित्रं बघताना सुलतानाच्या शेजारची जागा नीट न्याहाळा. रंगाचा पोत बदललेला दिसतो, बैठकीचा तोल एका बाजूला झुकतो, आणि सिंहासन एका माणसासाठी उगीच मोठं वाटतं. एका चित्रात तर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलतं, हा संस्कृत काव्यातला दोहदाचा संकेत फारसी ग्रंथात आला आहे. आपल्या गावाजवळच्या दरबारात ही दोन जगं एकाच पानावर नांदत होती, हे आपल्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला दाखवायला हवं असं मला वाटतं.

अहमदनगरची खूण म्हणून ढोबळपणे हे लक्षात ठेवा: सोन्याचं आकाश, उंच क्षितिज, ठसठशीत रेषा, लुगड्यातल्या किंवा शेला घेतलेल्या उंच बायका, आणि पार्श्वभूमीचे मोठे, एकरंगी तुकडे.

विजापूरकडे आलं की चित्रं भरपूर, आणि दर्जाही असा की निवड करणं कठीण. पहिल्या अली आदिलशाहाच्या काळातला 1570 सालचा "नुजूम-उल-उलूम" हा ज्योतिष, मंत्रविद्या, शस्त्रं, हत्ती-घोडे अशा विषयांचा कोश चेस्टर बीटीमध्ये आहे. त्यातल्या उंच, सडपातळ देवतांचा पोशाख दक्षिणी. मग येतो दुसरा इब्राहिम आदिलशाह, 1580 ते 1627. लहानपणी त्याच्या वतीने चांदबीबीने कारभार पाहिला. मोठा झाल्यावर तो गाण्यात बुडाला. "किताब-इ-नौरस" ही दख्खनी भाषेतल्या पदांची पोथी त्याने रचली, आणि तिच्यात सरस्वती आणि गणपती यांना वंदन आहे. 1599 मध्ये त्याने नौरसपूर नावाची नवी नगरी उभारायला घेतली. 1624 मध्ये निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने ती लुटली. इब्राहिमच्या तंबोऱ्याचं नाव मोतीखान आणि लाडक्या हत्तीचं आतशखान.

इब्राहिमची चित्रं ओळखायला हा सगळा तपशील कामाला येतो. उंच, निमुळती पगडी, भारी जरीचा शेला, गळ्यात रुद्राक्ष. ब्रिटिश म्युझियममधल्या एका चित्रात हातात चिपळ्या. मागे दाट, गडद झाडी आणि दूरवर महाल. सुलतान दरबारात बसलेला क्वचितच, बहुधा कुठेतरी एकटा चाललेला. त्याच्याकडे काम केलेला मोठा चितारी म्हणजे फर्रुख हुसेन. इराणातून काबूलमार्गे 1585 मध्ये तो अकबराच्या पदरी आला, पुढे विजापूरला गेला आणि अखेरीस जहांगिराकडे परतला. अकबराच्या दरबारातला फर्रुख बेग तो हाच, असं आज बहुतेक अभ्यासक मानतात. जयपूरच्या राजवाड्यातल्या संग्रहात त्याने काढलेलं सरस्वतीचं चित्र आहे. मुघल दरबारातली त्याची पानं आणि विजापूरची पानं पडद्यावर शेजारी-शेजारी उघडा. हात एकच, पण विजापूरला आल्यावर रंग खुलतात आणि झाडं अंगात आल्यासारखी डोलू लागतात. माझ्या मते दख्खन म्हणजे काय, हे समजायला यापेक्षा चांगला धडा नाही.

विजापूरची आणखी एक खासियत म्हणजे अबरी. पाण्यावर रंग तरंगवून कागदावर त्याची लहरदार नक्षी उतरवायची. पण इथे चित्रातला ठरावीक भाग झाकून ठेवत आणि नुसती आकृतीच अबरीतून काढत. मेट्रोपॉलिटनमधला हाडकुळा घोडा आणि स्वार हा त्याचा नमुना भिंगाखाली जरूर बघा.

सरावासाठी एक चित्र सुचवतो: मेट्रोपॉलिटनमधलं "विजापूरचं घराणं", 1680 च्या सुमाराचं, कमाल मुहम्मद आणि चांद मुहम्मद या दोघांनी काढलेलं. आदिलशाही सुलतान एकत्र बसले आहेत. पोरसवदा सिकंदर कोपऱ्यात. पिढ्यांचं अंतर पुसून सगळे एकाच सभेत आणले आहेत. सहाच वर्षांनी, 1686 मध्ये, औरंगजेबाने विजापूर घेतलं.

गोवळकोंड्याबद्दल थोडक्यात. सुरुवातीच्या दरबारी चित्रांत नाच-गाण्याची, भरगच्च सोन्याची दृश्यं आहेत. मुहम्मद कुली कुतुबशाहाच्या कवितांची सचित्र प्रत सालारजंगमध्ये आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र एक वेगळाच धंदा उभा राहिला. डच आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांना इथल्या राजे-सरदारांच्या तसबिरींचे संच हवे असत. चिताऱ्यांनी ठरावीक साच्यात ते पुरवले: एकरंगी पार्श्वभूमी, उभा माणूस, बाजूने दिसणारा चेहरा, नक्षीदार पटका. अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर निकोलास वित्सेन याच्याकडे असा एक संच होता. तो आता राइक्सम्युझियममध्ये आहे.

सातवी पायरी: कडा, अक्षरं आणि पाठ

चित्राचा हाशिया, म्हणजे भोवतालची कागदाची चौकट, बघा. चित्राचा कागद आणि हाशियाचा कागद वेगळे असतील, जोडाची रेघ दिसत असेल, तर पान मूळ ग्रंथातून काढून नंतर दुसऱ्या संग्रहात डकवलेलं असतं. मग हाशियाच्या शैलीवरून चित्राचा काळ ठरवू नका.

पाठीमागची बाजू संग्रहालयं संकेतस्थळावर कधी कधी देतात. मिळाली तर आवर्जून उघडा. दख्खनी चित्रांच्या पाठीवर अनेकदा बिकानेरच्या भांडाराच्या नोंदी असतात. बिकानेरचा महाराजा अनुपसिंह औरंगजेबाच्या फौजेबरोबर दख्खनमध्ये होता. 1689 च्या सुमारास अदोनीचा किल्ला पडला तेव्हा विजापूरची कितीतरी चित्रं त्याच्या हाती लागली. म्हणून राजस्थानी अक्षरातली नोंद दिसली की चित्र राजस्थानी ठरवू नका. उलट दख्खनच्या शक्यतेचा विचार करा.

आठवी पायरी: आता चेहरा, आणि शिवाजी महाराज

आपल्यासाठी ही पायरी जिव्हाळ्याची आहे. शिवाजी महाराजांच्या समकालीन किंवा जवळच्या काळातल्या म्हणून ज्या तसबिरी आपण मानतो, त्यांतल्या महत्त्वाच्या तसबिरी याच गोवळकोंडा पठडीतल्या. ब्रिटिश म्युझियममधली एक, वित्सेन संचातली दुसरी. 1677 मध्ये महाराज कुतुबशाहाच्या भेटीला भागानगरला, म्हणजे हैदराबादला, गेले होते, हे इथे ध्यानात ठेवावं.

अशी तसबीर बघताना दोन वेगळे कागद करा. पहिल्यावर साच्यातल्या गोष्टी लिहा: उभं राहण्याची ढब, पायांची दिशा, पार्श्वभूमी, पटक्याची लांबी. त्याच संचातल्या इतर चार माणसांच्या तसबिरींशी ताडून बघा. जे सगळ्यांत सारखं आहे ते साच्याचं. दुसऱ्या कागदावर फक्त वेगळं उरलेलं लिहा: नाकाची रेषा, दाढीचा आकार, डोळ्याची ठेवण, शस्त्र. माणूस सापडला तर या दुसऱ्या कागदावर सापडेल. श्रद्धेने बघायचं तर असंच, बारकाईने बघावं.

याच्या उलट टोकाचं उदाहरण म्हणजे मलिक अंबर. मुघल चितारी अबुल हसनने 1616 च्या सुमारास जहांगीर त्याच्या छाटलेल्या मुंडक्यावर बाण मारतो आहे असं चित्र काढलं. तेही चेस्टर बीटीत आहे. प्रत्यक्षात अंबर जहांगिराच्या हाती कधीच लागला नाही, आणि 1626 मध्ये म्हातारपणी वारला. त्याची कबर खुलताबादला आहे. अंबरचं शांत, भारदस्त रूप दाखवणाऱ्या तसबिरीही आहेत. दोन्ही शेजारी ठेवा आणि प्रत्येकीखाली एकच प्रश्न लिहा: हे चित्र कुणी, कुणाला दाखवण्यासाठी काढवून घेतलं?

नववी पायरी: हाताने बघणं

बघून झालं की काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. मूळ मापाच्या आयतात आधी फक्त मोठे आकार मांडा: आकाशाची कड, जमिनीची कड, उभ्या माणसाची उंची. मग एकच लहान भाग, एखादा पटक्याचा पदर किंवा झाडाची फांदी, पातळ कागद ठेवून गिरवा. रेषा कुठे जाड होते आणि कुठे निमुळती होते, हे गिरवताना बोटांना कळतं. रंग भरायचे असतील, तर साधे जलरंग आणि तीन शून्यांचा बारीक कुंचला पुरे. पूर्वी खारीच्या शेपटीच्या केसांचे कुंचले करत. आज त्याची मुळीच गरज नाही, चांगला कृत्रिम केसांचा कुंचला तेच टोक देतो.

विकत घ्यायचं किंवा घरात असेल तर

बाजारात "जुनं चित्र" म्हणून मिळणारी पुष्कळशी पानं जुन्या वहीच्या किंवा पोथीच्या कागदावर नव्याने रंगवलेली असतात. भिंग लावा. अक्षरांवरून रंग गेला असेल, आणि मजकुराचा चित्राशी काहीच संबंध नसेल, तर चित्र नवं समजा. हात चांगला असेल तर नवं म्हणून खुशाल घ्या; पण किंमतही नव्याचीच द्या. खरोखर शंभर वर्षांपूर्वीचं चित्र 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतं. अशा चित्रांच्या विक्रीचा धंदा करायला परवाना लागतो, खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही, आणि मालकाला नोंदणी करावी लागते.

घरच्या जुन्या पेटीत सचित्र पोथी निघाली, तर तिला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर कधीच करू नका, आणि पुसूही नका. आम्लरहित कागदात सैल गुंडाळून सपाट पेटीत ठेवा. पेटी बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, कारण पावसाळ्यात ओल तिथूनच येते. पावसाळा संपल्यावर कोरड्या दिवशी, सावलीत उघडून कसर लागली आहे का ते बघा. प्रत्येक पानाचा उन्हाशिवाय, फ्लॅशशिवाय फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, पाठीचाही फोटो घ्या. मग ते फोटो घेऊन जवळच्या संग्रहालयातल्या किंवा संशोधन मंडळातल्या जाणकाराला भेटा. मूळ पोथी पहिल्या भेटीत नेण्याची गरज नसते.